रोमचे शब्द आणि सातबाऱ्यावरची तीन अक्षरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत गेल्या आठवड्यात प्राचीन रोमवर एक पान होते. त्यात ‘महत्त्वाच्या संज्ञा’ अशी चौकट होती. डावीकडे रोमन शब्द, उजवीकडे मराठी. सिनेट म्हणजे राज्यसभा. कॉन्सल म्हणजे राष्ट्रपती. डिक्टेटर म्हणजे हुकूमशहा. ट्रिब्यून म्हणजे खासदार. पॅट्रिशियन म्हणजे उच्चवर्णीय, प्लेबियन म्हणजे शूद्र, इक्वाइट्स म्हणजे घोडदळ, पॅटर फॅमिलियास म्हणजे कुटुंबप्रमुख. अशा चौदा ओळी. माझी नात सांगलीला अभ्यासिकेत जाते. शनिवारी ती घरी आली तेव्हा चौकट कापून वहीत चिकटवलेली होती आणि सोप्यात बसून ती मोठ्याने पाठ करत होती. चौथ्या ओळीला मी तिला थांबवले. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतले.

पत्र लांबले आहे, पण ते पूर्ण वाचावे अशी विनंती. आपल्या पुरवणीवर विसंबून अभ्यास करणारी मुले आमच्या गावोगाव आहेत. क्लासची फी ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ती पुरवणी हेच पाठ्यपुस्तक असते.

मी ३४ वर्षे तलाठी होतो. तासगाव, खानापूर, वाळवा या तालुक्यांत सजे सांभाळले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरी करता करता शिवाजी विद्यापीठातून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इतिहासात बी.ए. केले. रोमचा नाद तेव्हा लागला तो सुटला नाही. इतिहास मी पुस्तकातून शिकलो, पण संज्ञा म्हणजे काय हे मला चावडीने शिकवले. ते कसे, ते आधी सांगतो.

जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे असायची. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्या भावाचे नाव लागायचे आणि त्यामागे ही अक्षरे. अर्थ असा की जमीन सगळ्या भावांची आहे, हा फक्त कारभार बघतो. माझ्या एका सज्यात पूर्वी कधीतरी उतारे नव्याने लिहिताना एका गटावरची ही अक्षरे गळाली होती. नाव तेच, क्षेत्र तेच, आकार तोच. फक्त तीन अक्षरे नव्हती. कागदावर थोरला एकटा मालक झाला. पुढे त्याच्या मुलांनी ऊस घालायचा रस्ता बंद केला तेव्हा धाकट्या दोघांनी उतारा काढला, आणि आपली नावे कुठेच नाहीत हे त्यांना तिथे उभ्याउभ्या कळले. मी जुना फेरफार शोधून दिला तरीही दिवाणी न्यायालयात त्यांची नऊ वर्षे गेली. धाकटा निकाल ऐकायला उरला नाही. त्याची बायको आली होती. नक्कल हातात घेतली आणि न बोलता परत गेली.

आता त्या चौकटीतला ‘पॅटर फॅमिलियास’ घ्या. ‘कुटुंबप्रमुख’ हे भाषांतर वाचले की आपल्या डोळ्यांसमोर रेशनकार्डावरचे पहिले नाव येते, नाहीतर एकत्र कुटुंबाचा कर्ता. आपला कर्ता म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ असलेला माणूस. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरा परंपरेत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून धरत आले. रोममध्ये नेमके उलटे होते. तिथला बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर कायद्याने काहीच नसे. मुलगा चाळिशीचा असो, त्याला स्वतःची मुले असोत, तो कॉन्सल, म्हणजे वर्षापुरता राज्याचा सर्वोच्च अधिकारी, म्हणून निवडून आलेला असो, त्याने कमावलेलेही बापाचे. बाप त्याला वापरायला काही रक्कम, काही जनावरे, एखादा गुलाम देऊ शके. मालकी बापाचीच राही. म्हणजे रोमचा पॅटर फॅमिलियास हा ती तीन अक्षरे नसलेला थोरला आहे. हे एकदा समजले की रोमन दत्तकविधान, रोमन मृत्युपत्रे, बापाच्या मृत्यूची वाट पाहणारे कर्जबाजारी तरुण, सगळे उलगडत जाते. ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाने ते सगळे झाकले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे. परक्या पदाला किंवा वर्गाला आपले नाव चिकटवण्याआधी त्या पदाचे काम काय होते, ते कोण देई, किती दिवसांसाठी देई आणि त्याला अडवू कोण शके, हे सांगावे. मग तुलना जरूर करावी. तुलनेवाचून परके काही कळत नाही, हे मला मान्य आहे. पण तुलना कामाची करावी, नावाची नको.

‘डिक्टेटर म्हणजे हुकूमशहा’ या ओळीने मुलांचे मोठे नुकसान होते, कारण ती अर्धी खरी आहे. रोममध्ये डिक्टेटर हे कायदेशीर पद होते. संकट आले की सिनेटच्या सांगण्यावरून एक कॉन्सल त्याला नेमी, एका ठरावीक कामासाठी, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. काम संपले की पद सोडायचे. इ.स.पू. ४५८ मध्ये सिन्सिनाटसला शेतातून बोलावून डिक्टेटर केले, त्याने वेढ्यात सापडलेले सैन्य सोडवले आणि पंधरवड्यातच पद सोडून तो शेताकडे परतला, अशी परंपरागत कथा आहे. निवडणूक घ्यायला कॉन्सल जागेवर नसले तर तेवढ्यापुरताही डिक्टेटर नेमत. इ.स.पू. ३६३ मध्ये तर रोगाची साथ हटावी म्हणून ज्युपिटरच्या देवळाच्या भिंतीत विधिपूर्वक एक खिळा ठोकायचा होता, त्यासाठी डिक्टेटर नेमल्याची नोंद आहे. खिळा ठोकायला हुकूमशहा कशाला लागेल? नातीने हाच प्रश्न विचारला आणि तिथेच तिला ती ओळ चुकीची आहे हे कळले. पुढे इ.स.पू. ८२ मध्ये सेनापती सुलाने मुदत न ठरवता हे पद घेतले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला, तेव्हा या शब्दाला आजचा रंग चढायला लागला. त्याच वर्षी १५ मार्चला सीझरचा खून झाला आणि नंतर हे पदच कायद्याने रद्द केले गेले. सहा महिन्यांची अट माहीत नसेल, तर ‘तहहयात’ या शब्दाने रोमन माणूस का हादरला हे मुलांना कधीच कळणार नाही.

आता पॅट्रिशियन आणि प्लेबियन. आपल्या चौकटीतली ही ओळ मला सगळ्यांत जास्त खुपली. प्लेबियनला शूद्र म्हणणे रोमच्या बाबतीत चूक आहेच, पण आपल्याकडे जातीने जे भोगायला लावले त्याच्यावरही तो अन्याय आहे. पॅट्रिशियन ही काही मोजकी जुनी घराणी. बाकी सगळे नागरिक प्लेबियन. सुरुवातीला मोठी पदे आणि पुरोहितपदे पॅट्रिशियनांच्या हातात होती, दोघांत विवाहबंदीही होती, हे खरे. पण ती बंदी इ.स.पू. ४४५ मध्ये उठली. इ.स.पू. ३६७ मध्ये एक कॉन्सल प्लेबियन असावा असा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी लुशियस सेक्स्टियस पहिला प्लेबियन कॉन्सल झाला. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात नामांकित वक्ता सिसेरो प्लेबियन, सेनापती पाँपी प्लेबियन, आणि रोममधला गडगंज श्रीमंत म्हणून ज्याचे नाव घेतात तो क्रॅसस, तोही प्लेबियन. सीझर मात्र अस्सल पॅट्रिशियन, आणि गळ्यापर्यंत कर्जात. इ.स.पू. ६१ मध्ये स्पेनला प्रांताधिकारी म्हणून निघताना सावकारांनी त्याला अडवले, तेव्हा क्रॅससने जामीन राहून त्याला सोडवले. पॅट्रिशियनाला प्लेबियन जामीन राहिला. ‘उच्चवर्णीय’ आणि ‘शूद्र’ हे शब्द घालून हे वाक्य पुन्हा वाचून बघा, ते उभेच राहत नाही.

आणखी एक उदाहरण. क्लोडियस नावाच्या पॅट्रिशियनाला ट्रिब्यून व्हायचे होते, आणि ते पद फक्त प्लेबियनांना खुले. म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये तो एका प्लेबियनाला दत्तक गेला. दत्तक बाप मुलापेक्षा वयाने लहान होता. मी नोकरीत पुष्कळ दत्तकपत्रे पाहिली, त्यामुळे हे वाचताना थबकलो. इथे मिळकतीचा प्रश्नच नव्हता. वर्ग बदलायचा होता, तो एका विधीने बदलला. आपल्याकडे जन्माने लागलेली जात अशी उतरवून ठेवता आली असती, तर या देशाचा इतिहास वेगळा झाला असता. म्हणून म्हणतो, या दोन शब्दांना भाषांतर देऊच नये. ‘पॅट्रिशियन : मोजकी जुनी घराणी, सुरुवातीला पदांची मक्तेदारी, प्लेबियन : उरलेले सगळे नागरिक, गरीब आणि श्रीमंत दोन्ही’ एवढे लिहावे. जागा थोडी जास्त लागेल.

आता ज्या ओळीला मी नातीला थांबवले, त्या ट्रिब्यूनकडे येतो. खासदार म्हणजे सरकारच्या रचनेतला माणूस. ट्रिब्यून त्या रचनेच्या बाहेर जन्मला. परंपरेने सांगतात की इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, ज्यांच्या जिवावर रोमचे सैन्य उभे होते, हत्यारे न उपसता शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. लढणार नाही, राबणार नाही. तिथे त्यांनी आपली माणसे निवडली आणि शपथ घेतली की यांच्या अंगाला जो हात लावील त्याला आम्ही जिवंत ठेवणार नाही. ट्रिब्यूनची सगळी ताकद या शपथेत होती. त्याच्याकडे सैन्य नव्हते. कॉन्सलपुढे काठ्यांची मोळी घेऊन बारा चोपदार चालत, ट्रिब्यूनपुढे एकही नाही. सिनेटच्या सभागृहातही सुरुवातीला त्याला प्रवेश नव्हता. दाराबाहेर बाक टाकून ट्रिब्यून बसत, आतले ठराव बाहेर आणून त्यांना दाखवत, पसंत पडला तर त्यावर खूण करत. पण एखाद्या नागरिकाला अधिकारी फरफटत नेत असला आणि ट्रिब्यून मध्ये उभा राहून ‘मी मनाई करतो’ म्हणाला, की अधिकाऱ्याला थांबावे लागे. लॅटिनमध्ये त्या तीन शब्दांचा एकच शब्द होतो, व्हेटो. आज संयुक्त राष्ट्रांच्या बातमीत आपण तो रोज छापता.

या पदाचा नियम असा होता की ट्रिब्यूनच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असले पाहिजे, आणि त्याने शहर सोडून मुक्कामाला जायचे नाही. कारण त्याचे संरक्षण शहराच्या आतच, फार तर पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत चाले. रात्री-अपरात्री कुणी मदत मागायला आले आणि दार बंद असले तर पदाला अर्थ काय? मी नातीला सांगितले की, बाळा, उघडे दार हीच या पदाची व्याख्या समज.

आणि यासाठी मराठी शब्द हवाच असेल तर तो आमच्या मातीत आहे. मी पलूसचा. कुंडल इथून हाकेच्या अंतरावर. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. इंग्रजांचे सरकार जागेवर होते, कलेक्टर होता, फौजदार होता. आणि त्याच गावांत लोकांनी आपली न्यायदान मंडळे उभी केली, आपली तुफान सेना उभी केली. माझे वडील तेव्हा शाळकरी होते. बांधाचे भांडण तासगावच्या कोर्टात न नेता मारुतीच्या देवळात रात्री पंचांपुढे कसे मिटले, ते ते सांगत. दोन्ही बाजूंनी निकाल पाळला, कारण त्यामागे गावाचा शब्द होता. प्लेबियनांनीही हेच केले. त्यांनी आपली वेगळी सभा भरवली, आपले वेगळे अधिकारी निवडले, आपले ठराव केले. राज्याच्या पोटात दुसरे राज्य. फरक आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. आमच्या लोकांना परके राज्य घालवायचे होते, प्लेबियनांना आपल्याच शहरात हक्क हवे होते. आमचे प्रतिसरकार स्वातंत्र्याच्या तोंडावर संपले. त्यांचे मात्र टिकले आणि हळूहळू मूळ सरकारात सामावले, इतके की इ.स.पू. २८७ च्या हॉर्टेन्सियसच्या कायद्याने प्लेबियन सभेचे ठराव साऱ्या रोमन जनतेला बंधनकारक ठरले. पण ‘खासदार’ म्हटल्यावर मुलाला जे चित्र दिसते आणि ‘प्रतिसरकारचा माणूस’ म्हटल्यावर जे दिसते, त्यांतले दुसरे ट्रिब्यूनच्या कितीतरी जवळ आहे. सांगलीच्या मुलांना हे सांगायला नको? हुतात्म्यांची नावे तर ती शाळेपासून ऐकतात.

जमिनीच्या ओळीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. चौकटीत ‘ग्रॅकसचा कायदा म्हणजे कमाल जमीन धारणा कायदा’ असे आहे. आपला सीलिंगचा कायदा १९६१ चा, तो खाजगी जमिनीवर मर्यादा घालतो. तायबेरियस ग्रॅकसने इ.स.पू. १३३ मध्ये खाजगी जमिनीला हात लावला नव्हता. युद्धात जिंकलेली इटलीतली सरकारी जमीन बड्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बळकावली होती, तिच्यावर गुलाम राबवत होते, आणि ज्या शेतकऱ्यांनी ती लढून मिळवली ते भूमिहीन होऊन रोमच्या गल्ल्यांत भरत होते. ग्रॅकस म्हणाला, प्रत्येकाने ५०० युगेरा, म्हणजे साधारण सव्वाशे हेक्टर, ठेवावे, मुलांसाठी थोडे जास्त, आणि वरचे सोडावे. ते भूमिहीनांना वाटू. आमच्या भाषेत हे गायरानावरचे अतिक्रमण एका मर्यादेपर्यंत नियमानुकूल करून बाकीचे काढणे झाले. ज्याने अतिक्रमणाचा पंचनामा केला आहे, त्याला लगेच कळेल की तंटा कुठे पेटणार. तीन पिढ्या कसणारा म्हणतो, माझ्या आज्याने विहीर पाडली, इथे आमची थडगी आहेत. रोममधल्या त्या बड्या लोकांनीही थडग्यांचाच दाखला दिला होता.

ग्रॅकस ट्रिब्यून होता. त्याच्याविरुद्ध व्हेटो वापरणारा ऑक्टेव्हियसही ट्रिब्यून. पद एकच, एकाने गरिबांसाठी वापरले, दुसऱ्याने बड्यांसाठी. ग्रॅकसने लोकांचे मत घेऊन ऑक्टेव्हियसला पदावरून काढले, जे पूर्वी कधी झाले नव्हते. त्याच वर्षी सिनेटरांच्या जमावाने बाकांचे पाय आणि सोटे घेऊन ग्रॅकसला आणि त्याच्या सुमारे तीनशे समर्थकांना ठेचून मारले आणि प्रेते टायबर नदीत टाकली. ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही अशी शपथ होती, त्याला. ती शपथ माहीत नसलेल्या विद्यार्थ्याला हा एक राजकीय खून वाटतो. माहीत असलेल्याला रोमच्या राज्याचा कणा मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

तरीही जमिनीची मोजणी थांबली नाही. वाटपासाठी तिघांचे मंडळ नेमले होते, त्याने हद्दीचे दगड रोवले. त्यांतले काही दगड इटलीत सापडले आहेत आणि त्यांवर त्या तीन अधिकाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. मी अशा एका दगडाचे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटले नाही. आयुष्यभर मोजणीदाराबरोबर उन्हात फिरलो, बांधावरचे दगड शोधले, रातोरात हललेले दगड पुन्हा बसवले. एकवीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी हेच काम केले, आणि त्याचा दगड हलला नाही.

बाकीच्या ओळी थोडक्यात उरकतो. सिनेटला राज्यसभा म्हणू नये. सिनेट निवडून येत नसे आणि कायदाही करत नसे. पदे भूषवलेल्या माणसांची ती तहहयात सभा, कागदोपत्री सल्ला देणारी, पण तो सल्ला मोडण्याची छाती क्वचितच कुणाला होई. कॉन्सल एक नव्हे, दोन, तेही एका वर्षासाठी, आणि एकाला दुसरा अडवू शके. यात राष्ट्रपती कुठे आला? इक्वाइट्स नावाने घोडेस्वार, पण नंतरच्या काळात चार लाख सेस्टर्स (रोमन नाणे) एवढ्या मिळकतीचा श्रीमंत वर्ग. त्यांत सरकारी करवसुलीचे मक्ते घेणारे होते. आपल्याकडे शिलेदार आडनावाच्या माणसाच्या दारात आज घोडा नसतो, तसेच ते. क्लायंट म्हणजे ग्राहक मुळीच नाही. रोज सकाळी बड्या माणसाच्या वाड्यावर हजेरी लावणारा, निवडणुकीत त्याच्यामागे उभा राहणारा आणि अडचणीत त्याच्याकडे जाणारा तो ‘त्यांचा माणूस’. ‘हा कुणाचा माणूस?’ हा प्रश्न आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण रोममध्ये हे नाते दोन्हीकडून बांधलेले होते. क्लायंटला फसवणारा आश्रयदाता शापित ठरावा, असे बारा पाट्यांच्या, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्यातच लिहिले होते.

सेन्सॉर म्हटले की मुलांना सिनेमाचे बोर्ड आठवते. मूळचा सेन्सॉर जनगणना करी. १९९१ च्या जनगणनेत मी घरोघर फिरलो आहे. आम्ही विचारले आणि लोकांनी सांगितले ते लिहून घेतले. रोमन नागरिक मात्र सेन्सॉरपुढे स्वतः येऊन शपथेवर नाव, बापाचे नाव, वय आणि मालमत्ता सांगे, आणि त्यावरून त्याच्या मताचे वजन ठरे. कॉन्सल निवडणाऱ्या शतक-सभेच्या जुन्या रचनेत १९३ गट होते. त्यांतले ९८ घोडेस्वार आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे. ते एकमताने बोलले की बहुमत झाले, मतदान तिथेच थांबे. ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते सगळे, हजारोंनी असले तरी, एका गटात. त्यांना प्रोलेतारी म्हणत, म्हणजे राज्याला द्यायला पोटच्या मुलांशिवाय ज्यांच्याजवळ काही नाही असे. आपला ‘सर्वहारा’ ज्या परदेशी शब्दासाठी घडवला, त्याचे मूळ या एका गटात आहे. चौकटीत ‘रोममध्ये सर्व नागरिकांना मताधिकार’ असे लिहिले आहे. बायका नागरिक असूनही त्यांना मत नव्हते. पुरुषांपुरते ते शब्दाने खरे, पण ज्याला मत आहे आणि ज्याचे मत मोजायची वेळच येत नाही, त्यातला फरक सांगायला नको?

शेवटची ओळ होती ‘ऑगस्टस : पहिला सम्राट’. रूढ आहे, लिहावे. पण त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतले नाही. इ.स.पू. २७ मध्ये त्याने राज्य सिनेटला आणि जनतेला परत केल्याचे जाहीर केले. कॉन्सल निवडले जात राहिले, सिनेट भरत राहिली. तो फक्त ‘प्रिन्सेप्स’, पहिला नागरिक. सैन्य त्याच्या हातात, महत्त्वाचे प्रांत त्याच्या हातात, आणि ट्रिब्यूनचा अधिकारही त्यानेच ट्रिब्यून न होता आयुष्यभरासाठी घेतलेला. उघड्या दाराची ती ताकद वाड्यात गेली. हे मराठी मुलाला समजावणे किती सोपे आहे! कारभार पुण्याहून चाले, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींच्या नावाने यायची. सत्ता एकीकडे, सत्तेचे नाव दुसरीकडे. पुण्यात प्रत्यक्ष धनी होता आणि साताऱ्यात नावाचा. रोममध्ये नावाची धनी सिनेट आणि जनता, प्रत्यक्षात एक माणूस. उद्या कुणी परदेशी पुस्तकात ‘पेशवा म्हणजे आजचा पंतप्रधान’ असे लिहिले तर आपण दुरुस्ती पाठवू. पेशव्यांना मुख्य प्रधान म्हणत, तरीही पाठवू. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, मुजुमदाराला अमात्य आणि सुरनीसाला सचिव म्हटले गेले. नाव बदलले पण अमात्याने जमाखर्चच पाहिला. तलाठ्याचे नावही आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. काम तेच आहे, म्हणून माणसांना अजून पत्ता सापडतो.

एवढ्या बारकाव्यांना मुलांकडे वेळ कुठे आहे, असे आपले सहकारी म्हणतील. एका शब्दाचे उत्तर पाठ व्हायला सोपे, हे मी जाणतो. पण परीक्षेत विधाने देऊन बरोबर-चूक विचारतात तिथे हीच मुले अडकतात, आणि मुलाखतीत तर जास्तच. मराठीला हे पेलत नाही असेही नाही. शेजारच्या जिल्ह्यात, वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. रोमशी आपला संबंध काय असे कुणी म्हणाले, तर त्याने कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जावे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, रोमन जगातून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. पंचगंगेच्या काठावर निघालेली. नातीला मी मागच्या दिवाळीत ती दाखवली.

विनंती अशी की पुढच्या अंकात ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी. उजवीकडे एक मराठी शब्द देण्याऐवजी तीन रकाने करावेत : काम काय, मुदत किती, अडवणारा कोण. नातीने वहीत असे रकाने आखले आहेत आणि आपला कापलेला तक्ता त्याच्याशेजारी तसाच ठेवला आहे. सिनेट, कॉन्सल, डिक्टेटर, सेन्सॉर तिने दोन-दोन ओळींत बसवले. ट्रिब्यूनला अर्धे पान लागले. आपणही त्याच्यासाठी जागा थोडी जास्त ठेवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडल अधिकारी
पलूस, जि. सांगली